बाईचे ताट आणि शरीरातला गंज



आजचा विषय एखाद्या डॉक्टरांनी मांडावा असा आहे, आणि तो मांडावयास आम्ही उभे राहिलो आहोत, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढची तीस वर्षे जिनिंगमधले मजूर, हमाल आणि शेतमजूर यांना एकत्र आणण्यात गेली. वाचनालयात जे मिळाले ते वाचले. जे कळले नाही ते ओळखीच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतले. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यातले शास्त्र शास्त्रज्ञांचे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आमचा आहे, आणि तो चुकीचा वाटल्यास आपण आम्हांला जरूर टोकावे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण एक लहानशी घटना आहे. काही वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात एका जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचणारी एक बाई ढिगाजवळच चक्कर येऊन पडली. वय तिशीच्या आसपास. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या घरात निघाले. निरोगी बाईच्या रक्तात ते बारा तरी असावे लागते. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट पडले होते, हेही तेव्हाच कळले. सकाळी काय खाल्ले होते, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "काय सांगू भाऊ, सकायी च्या पेला. पोराचे अन् मालकाचे डबे केले. मांगून उरलं तं खातो, नाही उरलं तं नाही."

त्या वर्षी आमच्या मागण्यांच्या पत्रकात दहा कलमे होती. मजुरी होती, बोनस होता, हजेरीचे कार्ड होते. जेवणाच्या सुट्टीचे कलम त्यात नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसावा द्यावा असे ठरवून दिले होते, हे आम्हांला तोंडपाठ होते. पण त्या अर्ध्या तासात बाईच्या डब्यात काय असते, हे आम्ही कधी उघडून पाहिले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर, घरीही पहिले ताट आमचेच असे. आई शेवटी जेवे, पुढे पत्नी शेवटी जेवू लागली, आणि यात काही विशेष आहे असे आम्हांला कधी वाटले नाही.

तर बाईच्या ताटाचा तिच्या शरीराशी, तिच्या पाळीशी, गर्भाशी आणि पुढे होणाऱ्या मधुमेहाशी काय संबंध आहे, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. चुलीत लाकूड जळते ते हवेतील प्राणवायूमुळे. आपण खाल्लेले अन्नही शरीरात प्राणवायूच्याच साहाय्याने जळते आणि त्यातून हातपाय हलविण्याची शक्ती निर्माण होते. चुलीत जाळ एकदम होतो; शरीराच्या पेशीत हेच काम तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत टप्प्याटप्प्याने होते. परंतु कोणतीही भट्टी म्हटली की ठिणग्या उडावयाच्याच. पेशीतल्या या ठिणग्यांना शास्त्रात मुक्त मूलके म्हणतात. यातल्या कणाचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो. जोडी पुरी करण्यासाठी तो शेजारच्या कणाचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, मग तो शेजारी दुसऱ्याचा हिसकावतो. असे होता होता पेशीचे आवरण, तिच्यातील प्रथिने, इतकेच नव्हे तर आनुवंशिक गुण वाहून नेणारा धागाही दुखावतो.

ही क्रिया आपण घरात रोज पाहतो. लोखंडी विळा पावसात राहिला तर गंजतो. चिरलेले वांगे काळे पडते. जुने तेल खवट होते. या सर्वांत प्राणवायूचाच हात असतो. चिरलेले वांगे गृहिणी मिठाच्या पाण्यात टाकते आणि सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळते, कशासाठी? हवेचा आणि त्या फोडीचा संबंध रोखण्यासाठी. शरीरालाही असाच बंदोबस्त करावा लागतो, आणि त्याने तो केलेला आहे. ग्लुटाथायोन, कॅटलेज अशा नावांचे रखवालदार पेशीत सतत ठिणग्या विझवीत असतात. मात्र हे रखवालदार हवेतून येत नाहीत. कॅटलेज बनावयास लोह लागते. दुसऱ्यांना जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम लागते. सर्वांना प्रथिने लागतात. शिवाय क आणि ई ही जीवनसत्त्वे स्वतः पुढे होऊन ठिणगी अंगावर घेतात. हे सारे ताटातूनच यावे लागते. ठिणग्या फार आणि रखवालदार थोडे, अशी अवस्था झाली म्हणजे तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. आम्ही आपल्या भाषेत तिला शरीरातला गंज म्हणू.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. ठिणग्या सर्वस्वी वाईट नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच बळावर जंतू मारतात. बाईच्या बीजांडकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडते त्या क्रियेलाही त्यांची थोडी गरज असते. चूल पेटलीच पाहिजे. घर पेटता कामा नये. म्हणून सारा प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि हे सूत्र शेवटपर्यंत लक्षात ठेवावयाचे आहे.

आता बाईच्या शरीराकडे वळू. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या आयुष्यभराची बीजे तिच्या पोटात तयार असतात. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि त्यातली साधारण चारशेच पिकून बाहेर पडतात. म्हणजे पंचवीस वर्षांच्या बाईचे बीजही पंचवीस वर्षांचेच असते, आणि तितकी वर्षे गंजाचा मारा सोसलेले असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही बीजे मुलगी आईच्या पोटात असतानाच घडतात. तेव्हा आज एखादी गरोदर बाई जे जेवते त्याचा संबंध केवळ तिच्या लेकीशी नाही. ज्या बीजातून पुढे तिची नात येणार आहे तेही याच अन्नावर घडत असते.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. अन्नातील पीठसाखर रक्तात उतरली म्हणजे स्वादुपिंडातून इन्सुलिन हा रस निघतो आणि ती साखर पेशीत पोचवितो. नुसता पांढरा भात, मैद्याची खारी-टोस्ट, बिस्किटे, साखरेचा चहा असा आहार दिवसभर असला म्हणजे रक्तातील साखर झपाट्याने चढते. चढलेली साखर भट्टीत ठिणग्या वाढविते. वाढलेल्या ठिणग्यांमुळे पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन ओतते. हे जास्तीचे इन्सुलिन बीजांडकोशावर परिणाम करते. तेथे पुरुषी संप्रेरके प्रमाणाबाहेर तयार होतात, बीज वेळेवर पिकत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते. यालाच हल्ली डॉक्टर पीसीओएस म्हणतात. हे सर्वस्वी आहारानेच होते असे नव्हे. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. परंतु ज्यांचे वजन वाढलेले आहे त्यांनी शेकडा पाच-दहा इतके वजन उतरविले तरी पुष्कळजणींची पाळी पुन्हा मार्गावर येते, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. मुलीची पाळी चुकू लागली की तिला दोष देणारी किंवा अंगारेधुपारे करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि तिच्या ताटाकडे पाहावे.

तिसरी गोष्ट वारेची. गर्भाला आईच्या रक्तातले अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. वारेचे काम नीट झाले नाही, तिच्या रक्तवाहिन्या अरुंद राहिल्या, तर तेथे गंज वाढतो आणि गरोदरपणी रक्तदाब चढून आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

कोणी म्हणेल, "ही पुस्तकातली माहिती झाली, आपल्या मुलखातल्या बायकांवर हे कोणी तपासून पाहिले आहे काय?" होय, पाहिले आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातच पाहिले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. तेथल्या शेतकरी बायका सरासरी ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या मुलांचे जन्मतः वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. कोणत्या आईचे मूल अधिक भरीव निघते, हे पाहिले तेव्हा असे दिसले की एकूण किती भाकरी खाल्ली यापेक्षा पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याचा संबंध अधिक आहे. ज्या आया ही वारंवार खात होत्या त्यांची मुले वजनाने अधिक होती. आम्हांला हे वाचून धक्का बसला. कारण आमच्या चळवळीचा सारा हिशेब पोट भरण्याचा होता, म्हणजे धान्याचा होता. भाजी ही तोंडी लावण्याची वस्तू, असे आम्ही समजत होतो.

याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली. ही मुले हडकुळी होती, पण विलायतेतल्या मुलांशी ताडून पाहिले तेव्हा त्यांच्या स्नायूंत आणि अवयवांत कमतरता होती, चरबीत मात्र तितकी नव्हती. दिसावयास बारीक, आतून चरबीचे. डॉ. याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण दिले. लंडनचे प्राध्यापक यडकिन आणि ते स्वतः, दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२. म्हणून आपल्याकडची बारीक बाई पाहून 'हिला कसली साखर होते' असे म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. त्या गरोदर बायकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात ते कमी निघाले. हे जीवनसत्त्व भाकरी-भाजीत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असते. ते कमी पडले म्हणजे रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचते, आणि तेही गंज वाढविणारेच आहे. ज्या आयांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत अधिक दिसले. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. यावरून गरोदर बाईने दवाखान्यातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सोडाव्यात असे कोणी समजू नये. त्या घेतल्याच पाहिजेत. जोडीला पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मिळाले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

आता मुंबईचा प्रयोग. २००६ साली तेथल्या झोपडवस्त्यांतील साडेसहा हजार बायकांवर तो सुरू झाला. त्यांना दोन गटांत वाटले. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला ताजा खाऊ रोज दिला. दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा अशा भाज्यांचा. समोशासारखा तळलेला, खाण्यास चवदार, असाच दोन्ही खाऊ होता. विशेष हे की दिवस जाण्यापूर्वीपासून तो दिला. निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. सर्व बायका मिळून पाहता मुलांच्या वजनात निश्चित म्हणता येईल असा फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी निदान तीन महिने खाऊ खाल्ला, त्यांची मुले सरासरी ४८ ग्रॅम अधिक भरली. परंतु ज्यांची साखर तपासली त्यांत गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात शेकडा १२.४ बायकांना झाला आणि पालेभाजीच्या गटात शेकडा ७.३ बायकांनाच झाला. एखादे महाग औषध निघाले असते तर त्याचा केवढा गवगवा झाला असता! येथे होती ती पालेभाजी, फळे आणि दूध.

मग कोणी हिशेबी माणूस विचारील की, ठिणग्या विझविणारी जीवनसत्त्वे गोळीत भरून दिली तर काम सोपे होणार नाही काय? तोही प्रयोग झाला आहे. ब्रिटनमध्ये २,४१० गरोदर बायकांवर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या. २००६ साली निकाल आला. गरोदरपणातला चढा रक्तदाब थांबला नाही. उलट कमी वजनाची मुले अधिक जन्मली. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांवर असाच प्रयोग झाला. २०१० साली त्याचा निकाल आला, तेथेही फायदा दिसला नाही. पालकाच्या पानात केवळ क जीवनसत्त्व नसते. लोह असते, फॉलिक ॲसिड असते, चोथा असतो, आणि नावे न माहीत असलेली कितीतरी द्रव्ये असतात. त्यांतील एकच काढून मोठ्या मात्रेत दिले तर तोल सांभाळला जाईलच असे नाही. म्हणून बाजारात 'गंज घालविणाऱ्या' म्हणून ज्या पुड्या आणि डबे विकले जातात त्यांवर पैसे घालविण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

प्रमाण बिघडले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यानेच पाहिले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडले. त्यांत तरुण मुलींचा भरणा होता. प्रथम पाण्यावर संशय गेला. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथल्या लोकांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम अनेक पटींनी वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले, आणि त्यांनी रेशनवर आलेल्या गव्हाकडे बोट दाखविले. मघाशी सांगितलेल्या रखवालदारांपैकी एकाला सेलेनियम लागते. पण ते दिवसाला एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. तेच फार झाले की रखवालदारच घरात आग लावतो. या घटनेतून आम्ही एक धडा घेतला. पूर्वी आपल्या कोठीत ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, जवस असे दहा प्रकारचे जिन्नस असत. एकात काही कमी-अधिक असले तर दुसऱ्यात भरून निघे. आज गरिबाच्या घरात एकाच पोत्यातला गहू-तांदूळ तिन्ही त्रिकाळ असतो. पोते बिघडले की सारे घर बिघडते.

रेशनला आम्ही नावे ठेवीत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते फुकट मिळू लागले. त्याने उपासमार टळली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण पोट भरणे वेगळे आणि रखवालदार पोसणे वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शेकडा ५४.२ बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ४८ होते. म्हणजे मधल्या काळात ते वाढले.

आता घरातल्या वाटपाचा हिशेब पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या मानाप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. दर महिन्याला तिचे रक्त जाते म्हणून तिची गरज दीडपट. आणि आपल्या घरातली रीत कशी? ज्याला कमी लागते त्याला आधी वाढावयाचे, आणि जिला अधिक लागते तिने खरवडून खावयाचे. असे वाटप एखाद्या मालकाने कारखान्यात केले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशी संप पुकारला असता. घरात मात्र आम्ही पाटावर बसून होतो.

"मग खावे काय? बदाम-पिस्ते आम्हांला परवडत नाहीत," असे आपण म्हणाल. त्यांची गरजही नाही. मोताळा तालुक्याच्या मातीत जे उगवते त्यातच बहुतेक सर्व आहे. पावसाळ्यात बांधावर तरोटा, घोळ, तांदुळजा फुकट मिळतो. अंबाडीची भाजी आहे. शेवग्याचे एक झाड परसात असले तर त्याची पाने वर्षातले कित्येक महिने पुरतात. जवसाची चटणी आपल्या आया रोज करीत. जवसात जी स्निग्ध द्रव्ये आहेत ती शहरातले लोक आज डब्यातून विकत घेतात. तीळ आहे, शेंगदाणा आहे. ज्वारीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा रक्तात सावकाश उतरते. मूग-मटकीला मोड आणले तर त्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणाबरोबर आवळा-पेरू खावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये. तो लोह अडवितो. तासभर आधी किंवा नंतर घ्यावा. भजी तळून काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते गंजलेलेच तेल असते. मिश्री आणि तंबाखू सोडावी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या दिवसाच्या ताटात चारशे ग्रॅम भाजीपाला, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि तीनशे मिलिलिटर दूध आहे. आपल्या ताटाशी ते ताडून पाहिले तर धान्य जास्त आणि बाकीचे कमी, असे बहुतेकांना आढळेल.

पण भगिनींनो, नुसती यादी वाचून दाखवून आम्ही थांबलो तर ती आपली थट्टा होईल. पहाटे चारला उठून, दोन हंडे पाणी आणून, सर्वांचे डबे करून सातला निंदणीला जाणाऱ्या बाईला भाजी निवडावयास वेळ कोठून मिळावा? घोळ-तांदुळजा बांधावर होता. तणनाशकाने बांधही साफ झाला. घरच्या म्हशीचे दूध डेअरीत जाते, कारण त्या पैशांवर किराणा येतो. बाईच्या ताटात काय पडते हे तिच्या अज्ञानापेक्षा तिची मजुरी, तिचा वेळ आणि घरातला तिचा मान यांवरून ठरते. आम्हांला आज जे सांगावयाचे आहे ते हेच. शरीरातला गंज हा दवाखान्याचा विषय आहेच. पण त्याआधी तो मजुरीचा आणि पंगतीचा विषय आहे.

म्हणून आमच्या मते तीन कामे आहेत. पहिले संघटनेचे. जिनिंग असो, शेत असो, वीटभट्टी असो, जेवणाची सुट्टी, सावलीची जागा आणि पिण्याचे पाणी ही कलमे मजुरीच्या बरोबरीने लढविली पाहिजेत, आणि समान कामाला बाईला समान मजुरी मिळालीच पाहिजे. दुसरे सरकारकडे मागावयाचे. राज्यातल्या आदिवासी भागांत २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण देण्याची योजना सुरू झाली. अशी योजना मोलमजुरी करणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसाठी का नसावी? आणि रेशनच्या दुकानात ज्वारी व डाळ नियमाने का मिळू नये? तिसरे काम घरातले, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. सर्वांनी एकदम जेवावयास बसावे. भाजीची आणि दह्याची वाटी आधी तिच्या ताटात पडावी. मुलीला मुलाइतकेच दूध मिळावे. ती उद्याची आई आहे म्हणून तर खरेच, पण ती माणूस आहे म्हणून आधी.

ज्या बाईची गोष्ट आरंभी सांगितली तिचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तिने दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या. दुसऱ्या वर्षी आमच्या पत्रकात जेवणाच्या सुट्टीचे कलम पहिले होते, आणि पुष्कळ ओढाताणीनंतर ते मान्य झाले. बायका एकत्र बसून डबे उघडू लागल्या. एकीची अंबाडी दुसरीच्या भाकरीवर जाऊ लागली. तिसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. ही केवळ जेवणाची करामत, असे आम्ही म्हणणार नाही. एका बाईवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही एवढ्या वाचनातून शिकलो आहोत. पण ती लेक आता शाळेत जाते, आणि तिची आई तिला घेऊन आमच्या घरी आली की आम्ही दोघींना आधी ताटावर बसवितो. आमच्या पत्नीलाही त्यांच्याच बरोबर बसवितो. वाढण्याचे काम आम्ही करतो. आम्हांला ते अजून नीटसे जमत नाही.